ओटीपी मुलाच्या फोनवर, आजी खिडकीपाशी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

ग्रामीण भागात ई-आरोग्य सेवांचा वापर म्हणावा तसा होत नाही, असा विषय निघाला की लोकांच्या निरक्षरतेकडे बोट दाखवले जाते. यवतमाळ जिल्ह्यातील खेड्यात सारी नोकरी केलेल्या माझ्यासारख्या शिक्षकाला हे पटत नाही. आमच्या आठवडी बाजारात अक्षरओळख नसलेल्या भाजीवाल्या क्यूआर कोड लावून बसतात. पैसे जमा झाल्याचे डबा मराठीतून मोठ्याने सांगतो आणि मगच वांग्यांची पिशवी गिऱ्हाइकाच्या हाती जाते. फ्रेड डेव्हिस या अभ्यासकाने १९८९ मध्ये तंत्रज्ञानाचा स्वीकार त्याची उपयुक्तता आणि सुलभता लोकांना कितपत जाणवते यावर ठरतो, असे मांडले होते. त्या डब्यात दोन्ही गोष्टी आहेत.

दवाखान्यात काय होते ते पाहा. गेल्या पावसाळ्यात शेजारच्या आजींना घेऊन मी एका सरकारी रुग्णालयात गेलो असता केसपेपरच्या खिडकीवर आधी ‘आभा’चा, म्हणजे डिजिटल आरोग्य खात्याचा, चौदा अंकी क्रमांक काढायला सांगण्यात आले. आधारला जोडलेला मोबाइल मुलाचा, मुलगा चाकणच्या कारखान्यात पाळीवर आणि त्याचा फोन गेटवर जमा. ओटीपी तिकडे गेला, आजी इकडे बाकावर. बोटांचे ठसे घेऊन पाहिले, तर आयुष्यभर कापूस वेचून झिजलेली बोटे यंत्राने तीनदा नाकारली. हा क्रमांक काढणे ऐच्छिक आहे, हे त्या खिडकीवर कुठेही लिहिलेले नव्हते.

याउलट, २०१९ मध्ये सुरू झालेली ‘ई-संजीवनी’ ही व्हिडिओवरून डॉक्टरांचा सल्ला देणारी सरकारी सेवा आमच्या उपकेंद्रात बरी चालली होती. त्याचे श्रेय मी ॲपपेक्षा शेजारी बसून बीपी मोजणाऱ्या आणि डॉक्टरांचे बोलणे रुग्णाच्या भाषेत समजावून सांगणाऱ्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांना देईन. मेळघाटात कोरकू किंवा भामरागडकडे माडिया बोलणाऱ्यांना तर असा दुवा नसेल तर पडद्यावरचा डॉक्टर असून नसल्यासारखा. सुरुवातीला बाया म्हणत, “डाक्टरनं हात तं लावलाच नाही.” पण त्याच खोलीतल्या कपाटातून गोळ्या मिळू लागल्या तेव्हा ही तक्रार आपोआप मागे पडली. ज्या दिवशी कपाटात गोळी नसते आणि हातात नुसता छापील कागद पडतो, त्या दिवशी तालुक्याचे भाडे आणि बुडालेली मजुरी यांचा हिशेब होतो, आणि पुढच्या खेपेला ती बाई सरळ खाजगी डॉक्टरकडे जाऊन सुई टोचून घेते. सुईवरचा हा विश्वास शहाणपणाचा नाही, हे मान्य. तिचा हिशेब मात्र चुकीचा नाही.

आणखी एक कारण आहे, जे सभांमध्ये कोणी बोलत नाही. विदर्भात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे प्रमाण लक्षणीय आहे. केंद्राने २०२३ मध्ये त्याच्या निर्मूलनाची मोहीमही सुरू केली. पण मुलीच्या रक्ततपासणीची नोंद फोनवर आली, तर ती घरातल्या कोणाकोणाच्या नजरेस पडेल आणि सोयरिकीच्या वेळी गावभर होईल का, ही धास्ती आईबापांना असते. वैयक्तिक डेटाच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्येच झाला आहे, परंतु आपली नोंद कोण पाहू शकतो आणि संमती परत कशी घ्यायची, हे त्यांच्या ओट्यावर बसून मराठीत सांगायला अजून कोणी आलेले नाही. कामाच्या मोबदल्यावर राबणाऱ्या आशाताईंकडून तीही अपेक्षा ठेवायची म्हटले, तर त्याचे पैसे वेगळे द्यावे लागतील.

आमच्या उपकेंद्रातील अधिकाऱ्यांचे पद कंत्राटी होते. त्या सोडून गेल्यापासून जागा रिकामी आहे आणि दर आठवड्याला बीपी दाखवायला येणाऱ्या बाया येईनाशा झाल्या. लॅपटॉप कपाटातच आहे, रेंजही पूर्वीइतकीच येते. ती जागा कधी भरणार, एवढे जिल्हा आरोग्य विभागाने आपल्या दैनिकातून कळवावे.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, जि. यवतमाळ