पाण्यात न फुटणाऱ्या दाणेदार सल्फरबाबत तक्रार

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग

विषय: दाणेदार बेंटोनाइट सल्फर (90 टक्के) – सदोष माल व गोणीवरील अपुऱ्या सूचना

महोदय,

मी भात आणि त्यामागून भुईमूग घेतो. आपले सल्फर (गंधक) याआधी दोन वर्षे फक्त भुईमुगाला, पेरणीच्या महिनाभर आधी वाफशावर (जमीन ओलसर पण मोकळी असताना) मातीत मिसळत होतो. तेव्हा तक्रारीला जागा नव्हती.

यंदा आपल्या प्रतिनिधीने सुचवले की सल्फर भातालाच द्या, म्हणजे त्यामागून येणाऱ्या भुईमुगाला वेगळे द्यायला नको. गोणीवरही ‘भात: लावणीच्या वेळी, एकरी 10 किलो’ असेच छापले आहे. भाताला दिलेले गंधक पुढच्या पिकाला उपयोगी पडते हे खरे, पण त्यासाठी ते जमिनीत आधी फुटायला तर हवे! चार एकरांत चिखलणीत टाकले, लावणी केली, पाणी बांधले.

फुटव्यांच्या वेळी शेंड्याची नवी पाने फिकट पिवळी पडली. खालची जुनी पाने हिरवीच होती. प्रतिनिधीला फोन केला तर उत्तर आले, ‘युरिया टाका.’ नत्र कमी पडले की पिवळेपणा जुन्या पानांपासून सुरू होतो आणि गंधक कमी पडले की नव्या पानांपासून, हे खत विकणाऱ्या माणसाला मी सांगायचे? तरी युरिया दिला. एका खाचरात मात्र नत्राचा हिशेब तोच ठेवून अमोनियम सल्फेट टाकले. दहा दिवसांत तेवढे एक खाचर बांधावरून वेगळे ओळखू येत होते.

कारण उघड आहे. पीक गंधक घेते ते सल्फेटच्या रूपात. आपल्या गोणीतले गंधक मूळ रूपातले आहे, त्याचे सल्फेट जमिनीतले जिवाणू करतात आणि त्यांना हवा लागते. उभ्या पाण्याच्या खाचरात ती कुठून येणार? ‘90 टक्के’ हा आकडा ठळक छापला आहे, पण ते पिकाला लगेच मिळणारे नाही हे गोणीवर कुठेही नाही. अमोनियम सल्फेटमध्ये गंधक 24 टक्क्यांच्या आसपास, तरी काम त्याने केले.

इथवर मी सूचनांना दोष देत होतो. भात कापल्यावर नांगरट केली तेव्हा ढेकळांतून पिवळे दाणे निघाले, मसुरीएवढे, टाकले तसेच. मूठभर वेचले, धुतले आणि काचेच्या पेल्यात पाण्यात ठेवले. दुसऱ्या पेल्यात त्याच गोणीच्या तळाशी उरलेले कोरडे दाणे आणि तिसऱ्यात मागच्या वर्षीच्या लॉटचे. मागच्या वर्षीचे फुगून बघता बघता गाळ झाले. यंदाचे दोन्ही सकाळपर्यंत शाबूत, बोटांनी दाबले तरी फुटेनात. बेंटोनाइट ही चिकणमाती घालतात ती दाणा ओलाव्याने फुगून बारीक व्हावा म्हणूनच ना? अख्ख्या दाण्यावर जिवाणूंना काम करायला जागा ती किती!

भुईमुगाचे दुखणे आणखी वेगळे. सल्फर दिले आहे तर जिप्सम (कॅल्शियम आणि गंधक दोन्ही असलेले खत) नको, हाही आपल्याच प्रतिनिधीचा सल्ला. तो ऐकला ही माझी चूक. आऱ्या (फुलाच्या जागेवरून निघणारे, टोकाला शेंग धरणारे देठ) जमिनीत शिरल्यावर शेंग आपल्याला लागणारे कॅल्शियम भोवतालच्या मातीतून थेट टरफलातून घेते, आणि ते जिप्सममधून मिळते. आपल्या सल्फरमध्ये त्याची भरपाई नाही. उपटणीला निम्म्याहून जास्त शेंगा पोचट निघाल्या.

माझ्या मागण्या अशा: या लॉटच्या सर्व गोण्यांची पूर्ण रक्कम परत मिळावी. लॉटची तपासणी व्हावी आणि नमुना माझ्यासमोर घेतला जावा. गंधक कोणत्या रूपात आहे, ते पेरणीच्या किती आधी द्यायचे, उभ्या पाण्यात का देऊ नये आणि ते जिप्समला पर्याय नाही, हे गोणीवर छापावे. भात व भुईमुगाच्या नुकसानीबद्दल पाहणीसाठी माणूस पाठवावा, तोच प्रतिनिधी नको.

लॉट क्रमांकाचा गोणीचा तुकडा, खरेदीची पावती, नांगरटीत सापडलेले दाणे आणि तिन्ही पेल्यांचे फोटो माझ्याकडे आहेत. पावती व फोटोंच्या प्रती सोबत जोडल्या आहेत. उत्तर लेखी द्यावे. फोनवरचे सल्ले यंदा पुरेसे झाले.

आपला,
एक शेतकरी ग्राहक