दहा संदर्भ मागता, तर त्यातले उघडले किती तेही विचारा

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

गेल्या आठवड्यात आपल्या पेपरात एका प्राध्यापकांचं पत्र आलं होतं की हल्लीची मुलं लायब्ररीकडे फिरकत नाहीत, सगळं मोबाईलवर शोधतात आणि प्रोजेक्ट चिकटवून देतात. वाचलं, अर्धं पटलं. मी तालुक्याच्या गावी एका कॉलेजात ग्रंथपाल आहे आणि काउंटरच्या या बाजूने जरा वेगळं दिसतं. मुलं येतात हो. नवीन शैक्षणिक धोरण आल्यापासून फील्ड प्रोजेक्ट, रिसर्च प्रोजेक्ट असं काय काय मागे लागलंय, त्यामुळे आधीपेक्षा जास्तच येतात. पण येतात तेव्हा हातात यादी तयार असते. संदर्भसूची आधी होते, पेपर नंतर लिहिला जातो आणि पुस्तक बघायची वेळ आलीच तर शेवटच्या आठवड्यात. कारण गाईडने दिलेल्या कागदावर छापलेलं असतं, 'किमान १० संदर्भ आवश्यक'. दहा भरले की मार्क. ते दहा उघडले का, हे कोणी विचारत नाही.

परवाचीच गोष्ट सांगते. टीवायची एक मुलगी आली, इतिहासवाली, विषय १८९७ चा पुण्यातला प्लेग. विषय मस्त आहे, कोरोना बघितलेल्या पिढीला तर अगदी जवळचा. यादी म्हणाल तर टाइप केलेली, लेखक, वर्ष, प्रकाशक सगळं जिथल्या तिथे. मी पेन्सिल घेऊन बसले. पहिलं नाव मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा (म्हणजे सरकारी जिल्हावार माहितीग्रंथाचा) पुणे खंड, त्यातून म्हणे प्लेगची माहिती घेतली. आता हा खंड छापला गेला १८८५ मध्ये आणि प्लेग मुंबईत आला १८९६ च्या सप्टेंबरात, पुण्यात त्यानंतर, मग त्यात हा प्लेग येणार कुठून? सुधारून काढलेलं पुणे जिल्हा गॅझेटियर १९५४ चं आहे, ते वेगळं. खाली होतं 'आगरकर, सुधारकमधील अग्रलेख, मे १८९७'. आगरकर गेले १८९५ च्या जूनमध्ये! त्यांचा 'सुधारक' हा पेपर त्यांच्यामागेही चालू होता, अग्रलेख असेलही, पण तो त्यांचा नव्हे. आणि यादीतली दोन पुस्तकं तर कुठेच सापडली नाहीत, आमच्या रजिस्टरात नाही, दुसऱ्या लायब्रऱ्यांच्या ऑनलाइन कॅटलॉगमध्ये नाही, ज्या प्रकाशकाचं नाव दिलं होतं त्याच्या यादीतही नाही.

पोरगी लबाड नव्हती, हे मुद्दाम सांगते. तिने चॅटबॉटला विचारलं, त्याने यादी दिली, तिने सुबक टाइप केली. मला म्हणाली, "मॅडम, नावं तर सगळी खरी वाटतात." बरोबरच आहे तिचं, वाटतातच. त्या मशीनचं कामच ते, खरं वाटेल असं वाक्य जुळवायचं, त्यात पुस्तकाचं नाव पण जुळवलं जातं. हे तिला आजवर कोणी बसवून सांगितलं नव्हतं, तीन वर्षांत एक तास सुद्धा नाही.

मग आम्ही दोघी बसलो. ओपॅकवर, म्हणजे लायब्ररीच्या कॉम्प्युटरवरच्या कॅटलॉगवर, तिने 'पुणे प्लेग' टाकलं, शून्य. म्हणजे पुस्तकं नाहीत असं नाही. आमच्याकडे (आणि बऱ्याच कॉलेजांत हेच असणार) मराठी पुस्तकांच्या जुन्या नोंदी कधी रोमन लिपीत केल्यात, कधी जुन्या फॉन्टमध्ये, त्यामुळे आजच्या युनिकोडमध्ये टाइप केलं की सॉफ्टवेअर सरळ हात वर करतं. इंग्रजीत 'पूना' टाकून बघायचं, 'बॉम्बे प्रेसिडेन्सी' टाकून बघायचं, एपिडेमिक टाकून बघायचं, तेवढ्यावर भागलं नाही तर जुन्या कार्ड कॅटलॉगचे ड्रॉवर ओढायचे. आमच्याकडचे भंगारात जाणार होते, मी जाऊ दिले नाहीत, वरिष्ठांची बोलणी खाल्ली त्यासाठी. आणि एक पुस्तक मिळालं की त्याच्या डावी-उजवीकडची पण चाळायची. महाराष्ट्राचा इतिहास ड्यूईच्या पद्धतीत (पुस्तकांना विषयवार नंबर द्यायची पद्धत) ९५४.७९२ वर बसतो, पण प्लेग म्हटलं की थोडी पुस्तकं वैद्यकाच्या ६१४ कडे जातात, त्यामुळे एकाच कपाटापाशी उभं राहून उपयोग नसतो.

त्यापुढचा सोपा रस्ता म्हणजे शोधगंगा. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, इन्फ्लिबनेट केंद्रवाल्यांनी देशभरातले पीएचडीचे प्रबंध तिथे ठेवलेत, फुकट. मुलं काय करतात तर प्रबंधच उचलतात. मी सांगते, आधी शेवटची संदर्भसूची वाच, त्या माणसाने चार-पाच वर्षं घासून गोळा केलेली असते, त्यातून मूळ साधनापर्यंत जा आणि ते स्वतः बघ. कॉलेजांसाठीच्या एन-लिस्ट योजनेतून सहा हजारांच्या वर जर्नल्स मिळतात, लॉगिन लायब्ररीतूनच घ्यायचं असतं, आमच्या कॉलेजात ते मागायला किती जण येतात विचारू नका. सरकारने 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' पण आणलंय, तीन वर्षांसाठी ६,००० कोटी, जवळजवळ १३,००० जर्नल्स, पहिल्या टप्प्यात सरकारी संस्थांसाठी. चांगलंच आहे. पण मराठी साधनं त्यातून मिळायची नाहीत. त्यासाठी पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, मुंबईचं मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, ठाण्याचं तर १८९३ पासून आहे, आणि जुनं मराठी पुस्तक मुळात छापलं गेलं होतं का हे बघायचं असेल तर शंकर गणेश दात्यांची मराठी ग्रंथसूची आहे, १८०० ते १९३७ पर्यंतची. एका माणसाने एवढं काम केलंय आणि आम्हाला ती उघडायचा कंटाळा!

आता साधन मिळालं म्हणजे झालं का, तर नाही. खरी गंमत इथूनच सुरू होते आणि नेमकं हेच कुठल्या तासाला शिकवलं जात नाही. या मुलीला एका बाजूला सरकारी रिपोर्ट मिळाले, आर. नेथन याने संकलित केलेला 'द प्लेग इन इंडिया' आहे १८९८ चा, गॅटेकरच्या प्लेग कमिटीचा मुंबईचा रिपोर्ट आहे. दुसऱ्या बाजूला केसरी. रिपोर्ट वाचला तर वाटतं काय शिस्तीत काम चाललंय, किती घरं तपासली, किती धुतली, सगळे तक्ते. वर्तमानपत्रं वाचली तर सोजिर (गोरे सैनिक) घरात घुसतायत, देवघर विटाळतायत, बायकांना रस्त्यावर तपासतायत. तिने विचारलं, मॅडम यातलं खरं कुठलं धरू? मी म्हटलं, एकच खरं धरायची घाई करू नकोस, आधी प्रत्येकाला विचार की तू कोण, कधी लिहिलंस, कोणासाठी लिहिलंस आणि तुला हे कळलं कुठून. रिपोर्ट लिहिणाऱ्याला वरच्या साहेबाला दाखवायचंय की काम नीट झालं. घरं किती तपासली हे त्याच्याकडून घे, घरातल्या माणसाला काय वाटलं हे तो नाही सांगू शकत. केसरीचं पण तसंच, सरकारवर टीका आहे म्हणून सगळं अतिशयोक्ती असं नाही आणि आपला म्हणून सगळं प्रमाण असंही नाही, टिळकांनी त्याच साथीत प्लेगचं हॉस्पिटल चालवण्यात पुढाकार घेतला होता, तेही ध्यानात ठेव.

याच प्रकरणातली गोखल्यांची हकीकत तर मी प्रत्येक बॅचला सांगते. १८९७ मध्ये गोपाळ कृष्ण गोखले हिंदुस्थानच्या सरकारी खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी कमिशनपुढे साक्ष द्यायला इंग्लंडात होते. पुण्याहून मित्रांची पत्रं आली की प्लेगच्या झडतीत सोजिरांनी बायकांवर अत्याचार केले. गोखल्यांनी ते मँचेस्टर गार्डियनमध्ये सांगितलं, पार्लमेंटपर्यंत गाजलं, सरकार म्हणालं पुरावा द्या. परत आल्यावर बघतात तर ज्यांनी पत्रं लिहिली ते नाव द्यायला तयार नाहीत. शेवटी गोखल्यांना जाहीर माफी मागावी लागली. गोखल्यांसारखा आकड्याला पक्का माणूस, पण ऐकीव पत्रावर उभा राहिला आणि अडकला. आता विद्यार्थ्याने यातून काय घ्यायचं? माफी मागितली म्हणजे पुण्यात काही घडलंच नव्हतं, असं लिहून मोकळं व्हायचं नाही. कारण त्याच वर्षी पंडिता रमाबाईंनी बॉम्बे गार्डियनला पत्र लिहून पुण्याच्या प्लेग हॉस्पिटलात बायकांचे काय हाल होतात ते मांडलं होतं, सरकारने तेही नाकारलं. गोखल्यांची माफी, रमाबाईंचं पत्र आणि सरकारचा नकार, हे तीन कागद समोर ठेवले की मग पेपर लिहायला विषय मिळतो. (रमाबाईंचं ते पत्र म्हणजे संपादकांना लिहिलेलं पत्रच बरं का, त्यामुळे आपल्या या सदराला कमी लेखू नये!)

हे सगळं एका दुपारी झालं. मुलीने यादीतली सात नावं स्वतःच खोडली, आणि खरोखर पाहिलेली साधनं घालून यादी पाचाची झाली. दुसऱ्या दिवशी येऊन म्हणाली, "मॅडम, सर म्हणतात पाचच कसे, दहा करा." बोला आता.

जर्नलचा प्रकार तर आणखी वेगळाच. पोरांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जाहिराती येतात, पैसे भरा, दोन दिवसांत पेपर पब्लिश, सर्टिफिकेट सोबत. नावात इंटरनॅशनल असतंच. आणि खाली मोठ्या अक्षरात आयएसएसएन नंबर, की मुलं म्हणतात सरकारमान्य आहे. अहो आयएसएसएन हा नुसता ओळखीचा नंबर आहे, कुठल्याही नियतकालिकाला मिळतो, आतला मजकूर कोणी तपासलाय असा त्याचा अर्थ होत नाही. यूजीसीने स्वतः यादी केली होती, २०१८ च्या मे मध्ये त्यातून ४,३०५ जर्नल्स एकदम उडवली, मग केअर लिस्ट, म्हणजे मान्य जर्नल्सची नवी यादी, आणली, आणि २०२५ च्या फेब्रुवारीत तीही बंद केली, म्हणजे आता चांगलं-वाईट ठरवायची जबाबदारी आली कॉलेजांवर. कॉलेजात कोणावर? जिथे ग्रंथपालाची जागाच वर्षानुवर्षं भरलेली नाही तिथे शिपाईकाका पुस्तकं देतात-घेतात, ते जर्नल तपासणार आहेत का?

म्हणून त्या प्राध्यापक सरांना, आणि त्यांच्यामार्फत अभ्यास मंडळांवर बसणाऱ्या सगळ्यांनाच माझं म्हणणं आहे की मुलांना नावं ठेवण्याआधी तो 'किमान १०' चा नियम काढा. पाच मागा. पण प्रत्येकापुढे लिहायला लावा, हे कुठल्या लायब्ररीत किंवा कुठल्या साइटवर पाहिलं, कोणतं पान वाचलं, आणि हे साधन का विश्वासाचं वाटलं किंवा का नाही, दोन ओळीत. व्हायव्हाला त्यातलं एक उचलून विचारा. प्लेजरिझमचं सॉफ्टवेअर आहे म्हणाल तर ते उचललेला मजकूर पकडतं, नसलेलं पुस्तक त्याच्या जाळ्यात येईलच असं नाही. आणि टाइमटेबलमध्ये ग्रंथपालाला सेमिस्टरला दोन तास द्या, पहिल्या आठवड्यात 'लायब्ररी ओरिएंटेशन' म्हणून रांगेने कपाटं दाखवून आणतात ते नको, विषय ठरल्यानंतरचे दोन तास द्या, मुलांच्या हातात त्यांचा प्रश्न असताना.

एक विनंती आपल्याला पण आहे. आपल्या कार्यालयात जुन्या अंकांच्या फायली नक्कीच असतील. आमच्या भागातल्या ७२ च्या दुष्काळावर, रोजगार हमीवर, साखर कारखान्यांवर काम करणाऱ्या मुलांना त्या काळच्या स्थानिक बातम्या दुसरीकडे सहजी मिळत नाहीत. कॉलेजचं पत्र आणलं तर फायली बघायला मिळतील का, कोणत्या वारी, कोणाला भेटायचं, फोटो काढू द्याल का, एवढं या सदरातच छापलंत तर मी ते उद्याच नोटीस बोर्डावर लावते.

आपली नम्र,
एक ग्रंथपाल
(जि. सातारा)