सीलबंद पट्टी, छापील तारीख, सोबत बिल: घरात उरलेल्या औषधांविषयी आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. श्री. प्रकाश आबिटकर,
सार्वजनिक आरोग्य व कुटुंब कल्याण मंत्री, महाराष्ट्र राज्य

विषय: घरात उरलेली, न उघडलेली औषधे शासकीय रुग्णालयामार्फत गरजू रुग्णांना देण्यासाठी कोल्हापुरात प्रायोगिक केंद्र सुरू करण्याबाबत.

महोदय,

रक्षाविसर्जन झाले, पाहुणे परतले, की घरातले कुणीतरी एक पिशवी घेऊन औषधाच्या दुकानात येते. "आता आम्हाला उपयोग नाही, कुणा गरजूला द्या." पिशवीत साधारण असे असते: कर्करोगावरच्या कॅपेसिटाबिनच्या दोन न फोडलेल्या पट्ट्या, उलटी थांबवणाऱ्या ओंडॅन्सेट्रॉनची कापलेली पट्टी, वेदनाशामक ट्रॅमाडॉलच्या चार-सहा कॅप्सूल, निम्मे संपलेले सिरप आणि फ्रिजमधून काढून रुमालात गुंडाळलेले एखादे इंजेक्शन. त्याच दिवशी कोल्हापुरातल्या सीपीआर या शासकीय रुग्णालयाच्या चौकातल्या दुकानात दुसरे कुणीतरी महिन्याची चिठ्ठी पुढे करून "सध्या पंधरा दिवसांचीच द्या" म्हणत असते. पिशवी आणि चिठ्ठी यांच्या मध्ये दुकानदार उभा असतो आणि त्याला कायद्याने यात काहीही करता येत नाही.

औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० च्या कलम १८ (सी) मध्ये परवान्याशिवाय विक्रीला जशी बंदी आहे तशीच साठवणुकीला आणि वाटपालाही आहे. पैसे न घेता वाटले म्हणून सुटका होत नाही. विनापरवाना वाटपाला कलम २७ खाली किमान ३ वर्षे कैद आणि किमान १ लाख रुपये दंड आहे. परवानाधारक दुकानदार तरी ती पिशवी कुठे दाखवणार? त्याच्याकडच्या प्रत्येक पट्टीमागे घाऊक विक्रेत्याचे खरेदी बिल असावे लागते. पिशवीतल्या पट्टीचे तसे बिल त्याच्याकडे नसते, म्हणजे तपासणीच्या दिवशी ती बेहिशेबी ठरते. म्हणून तो हात जोडतो आणि पिशवी परत जाते. पुढे ती कपाटात मुदत संपेपर्यंत राहते किंवा घंटागाडीत जाते.

एक वाट मात्र कायद्यातच आहे. औषध नियम, १९४५ च्या परिशिष्ट 'के' मध्ये शासनाच्या किंवा स्थानिक स्वराज्य संस्थेच्या रुग्णालयांना विक्री परवान्यातून सूट आहे. अट इतकीच की औषध पात्र व्यक्तीच्या देखरेखीखाली दिले जावे, साठवण योग्य असावी आणि जागा निरीक्षकाला तपासता यावी. घरातून येणारा साठा कसा घ्यायचा याची कार्यपद्धती मात्र कुठेही लिहिलेली नाही, आणि कार्यपद्धती नसताना कोणताही औषधनिर्माण अधिकारी अशी पट्टी आपल्या भांडारात घेणार नाही. ही कार्यपद्धती आपल्या विभागाने शासन निर्णयाद्वारे घालून द्यावी, ही आम्हा फार्मासिस्टांची मुख्य मागणी आहे.

गरज कुठे आहे तेही सांगतो. १५ ऑगस्ट २०२३ पासून आपल्या विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत आहेत. महात्मा फुले जनआरोग्य योजना दाखल झालेल्या रुग्णाचा मोठा भार उचलते. क्षयाची औषधे आणि एचआयव्हीची एआरटी औषधे शासनच देते, त्यामुळे ती या केंद्रात घेण्याचे कारण नाही. उरतो तो घरी जाऊन वर्षानुवर्षे गोळ्या घेणारा रुग्ण: स्तनाच्या कर्करोगानंतर पाच-पाच वर्षे लेट्रोझोल किंवा टॅमॉक्सिफेन घेणारी बाई, रक्ताच्या कर्करोगासाठी रोज इमॅटिनिब घेणारा माणूस, किडनी बसवलेला तरुण, फेफऱ्याचे मूल. त्यांचे औषध भांडारात नसले की बाहेरची चिठ्ठी मिळते, आणि त्या चिठ्ठीतल्या गोळ्या महिनाअखेरीला निम्म्या होतात.

आता पिशवीकडे परत येऊ. त्यातले घेण्याजोगे फक्त पहिले, कॅपेसिटाबिनच्या सीलबंद पट्ट्या. बाकी सर्व नाकारायचे, आणि का ते दात्याला पहिल्याच भेटीत नीट सांगायचे.

कापलेली पट्टी का नको? बॅच क्रमांक आणि मुदत पट्टीच्या एका टोकाला छापलेली असते. दुकानात सहा गोळ्या कापून दिल्या की छापील टोक बहुधा दुकानातच राहते. घरी आलेल्या तुकड्याला ना बॅच असते ना तारीख. औषध ओळखू येत असले तरी उद्या ती बॅच निकृष्ट ठरली तर ती कुणाला दिली हे शोधायला धागाच उरत नाही. ट्रॅमाडॉल एप्रिल २०१८ पासून एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी, कायद्याखाली आहे. ते, अल्प्राझोलमसारख्या झोपेच्या गोळ्या, मॉर्फिन आणि औषध नियमांच्या परिशिष्ट 'एक्स'मधले (कडक नियंत्रणाखालच्या औषधांच्या यादीतले) काहीही या केंद्रात येता कामा नये. उघडलेली बाटली, डोळ्यांचे थेंब, मलम यांचा विचारच नको. इन्सुलिन आणि २ ते ८ अंशांत ठेवायची सगळी इंजेक्शने घरातून घेऊ नयेत. बर्फाच्या कप्प्याला चिकटून गोठलेले इन्सुलिन वितळल्यावर वरून बरे दिसू शकते, पण ते भरवशाचे राहत नाही. प्रतिजैविकेही नकोत. घरात उरलेले प्रतिजैविक म्हणजे बहुधा अर्धवट सोडलेला कोर्स. तो तुकडा दुसऱ्याच्या अर्धवट कोर्सला जोडून काही साधत नाही, जंतू तेवढे निर्ढावतात.

पुराचा मुद्दा कोल्हापूरकरांना वेगळा सांगायला नको. २०१९ आणि २०२१ च्या पुरात ज्या घरांत पाणी शिरले, तिथल्या कपाटातली पट्टी वरून कोरडी दिसली तरी घ्यायची नाही. ब्लिस्टरच्या फॉइलमधले सुईएवढे छिद्र डोळ्यांना दिसत नाही. फेफऱ्यावरच्या सोडियम व्हॅलप्रोएटसारखी गोळी ओल शोषते आणि नरम पडते. पुराच्या काळात मदतीच्या ट्रकमधून सुटी औषधे येतात त्यांनाही हेच लागू आहे. तिथे तर निवड करायला माणूसही मोकळा नसतो.

या कल्पनेला गंभीर आक्षेप आहेत आणि ते आपल्यासमोर अधिकारी मांडतीलच, म्हणून आम्हीच मांडतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या औषधदानाच्या १९९९ च्या मार्गदर्शक सूचनांत रुग्णाला देऊन परत आलेले औषध दान करू नये असे स्पष्ट म्हटले आहे. फ्रान्समध्ये घरोघरची औषधे गोळा करून गरजूंना पाठवण्याची पद्धत होती. २००८ अखेर ती बंद झाली आणि आता तिथे गोळा झालेली औषधे जाळली जातात. मुख्य शंका ही आहे: औषध घरात कसे राहिले ते कुणालाच ठाऊक नसते. हा आक्षेप आम्हाला मान्य आहे, आणि म्हणूनच आम्ही सरसकट संकलन मागत नाही. नेदरलँड्समध्ये निमेगेनच्या राडबाउड विद्यापीठ रुग्णालयाने यावर उपाय काढला. कर्करोगाच्या गोळ्या रुग्णाला देतानाच सीलबंद पिशवीत, तापमान नोंदवणाऱ्या चिपसह दिल्या. उरल्या तर सील आणि तापमान तपासूनच पुन्हा वापरल्या. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात २००७ पासून सेफनेटआरएक्स हा कार्यक्रम चालतो, तो न उघडलेल्या आणि मुदतीतल्या पाकिटांवर. आपल्यालाही याच दिशेने जावे लागेल. सुरुवात जुन्या साठ्यातल्या कडक निवडीने करावी आणि दुसऱ्या वर्षापासून महाग गोळ्या रुग्णाला देतानाच सीलबंद, क्रमांकित पाकिटात द्याव्यात.

केंद्राचे काम प्रत्यक्ष असे चालावे.

दात्याने स्वतः यावे, ठरलेल्या दिवशी, उदाहरणार्थ पहिल्या आणि तिसऱ्या शनिवारी सकाळी. चौकाचौकांत पेट्या ठेवू नयेत. पेटीत ऊन लागते, पाणी जाते, उंदीर जातात, चोरीही होते. आणि कुणी काय टाकले याची नोंद नसल्याने सगळीच पेटी संशयित ठरते. आपल्याकडच्या तालमी आणि तरुण मंडळे अशा कामाला तत्काळ उभी राहतात, हा कोल्हापूरचा मोठा ठेवा आहे. पण त्यांनी औषध हातात घेऊ नये. मंडळाच्या खोलीत चार खोकी ठेवली की तो कायद्याने विनापरवाना साठा होतो. त्यांनी घरोघरी यादी वाचून दाखवावी आणि दात्याला केंद्रापर्यंत आणून सोडावे.

खिडकीवर फार्मासिस्ट पाच गोष्टी पाहील: पट्टी अखंड आहे का, बॅच व मुदत वाचता येते का, किमान ३ महिने शिल्लक आहेत का, खरेदीचे बिल सोबत आहे का, आणि औषध ३० अंशांखाली खोलीत ठेवण्याच्या प्रकारातले आहे का. बिलाचा आग्रह उगाच नाही. दुकानाच्या बिलावर औषधाचा बॅच क्रमांक असतो. तो पट्टीवरच्या क्रमांकाशी जुळला, म्हणजे औषध परवानाधारक दुकानातून आले एवढे तरी सिद्ध झाले. बनावट माल आत शिरण्याची मोठी फट त्याने बुजते. १ ऑगस्ट २०२३ पासून ३०० प्रमुख ब्रँडवर क्यूआर कोड बंधनकारक आहे, तोही मोबाइलवर तपासावा. मुदत महिना आणि वर्षात लिहिलेली असेल तर त्या महिन्याचा शेवटचा दिवस धरावा. दात्याकडून औषध घरात कुठे ठेवले होते हे विचारून सही घ्यावी. गाडीच्या डॅशबोर्डवर किंवा गॅसच्या शेगडीवरच्या फळीवर, असे उत्तर आले तर घेऊ नये.

घेतलेला माल लगेच वाटायचा नाही. तो वेगळ्या कुलूपबंद मांडणीत ठेवायचा, त्याच्या बॅच केंद्रीय औषध नियंत्रण संस्थेच्या निकृष्ट औषधांच्या मासिक यादीशी आणि राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने (एफडीएने) परत बोलावलेल्या बॅचशी ताडून पाहायच्या, आणि दुसऱ्या फार्मासिस्टने तपासल्यावरच वापराच्या मांडणीत आणायचा. शासकीय औषधसाठ्याच्या ई-औषधी या संगणक प्रणालीत त्याची 'दान' म्हणून स्वतंत्र नोंद करावी. शासकीय खरेदीच्या साठ्यात तो मिसळला तर दोन्हींचा हिशेब बिघडेल. 'दानातील औषध, विक्रीसाठी नाही' हा शिक्का बाहेरच्या पाकिटावर मारावा, पट्टीवर नाही, कारण उत्पादकाने छापलेला मजकूर खोडण्याला नियम १०४-अ मध्ये बंदी आहे. उत्साहाच्या भरात किंमत खोडायला जाऊन केंद्रच नियमभंगात सापडेल.

देताना रुग्णाची चालू चिठ्ठी, पिवळे किंवा केशरी रेशनकार्ड, वैद्यकीय समाजसेवा अधीक्षकांची शिफारस आणि हे औषध दानातले आहे हे समजून दिलेली संमती घ्यावी. डॉक्टरांनी मांडणीत काय आहे ते पाहून चिठ्ठी लिहू नये. आधी चिठ्ठी, मग शोध. फिनायटॉईन, टॅक्रोलिमस, वॉरफेरिन, थायरॉक्सिन यांत रक्तातल्या प्रमाणाची मर्यादा अरुंद असते. ती औषधे रुग्णाचा चालू ब्रँड आणि मात्रा तंतोतंत जुळली तरच द्यावीत, नाहीतर देऊच नयेत.

किती उपयोग होईल, याबद्दल भ्रम नको. कॅपेसिटाबिनची ५०० मिलिग्रॅमची गोळी दिवसाला सहा घ्यायची असेल तर १४ दिवसांच्या एका फेरीला ८४ गोळ्या लागतात. दोन पट्ट्या म्हणजे २० गोळ्या, तीन दिवसांहून थोडा जास्त डोस. म्हणून दानातले औषध बिल कमी करण्यासाठी आहे. नियमित पुरवठ्याची जागा ते घेऊ शकत नाही आणि त्याच्या नावाखाली खरेदीही घटवू नये. रोज एक गोळी लागणाऱ्या लेट्रोझोल किंवा इमॅटिनिबच्या रुग्णाला मात्र दहा-दहा गोळ्यांच्या तीन पट्ट्यांत पूर्ण महिना निघतो. सुरुवात अशा पंधरा-वीस औषधांच्या बंद यादीने करावी.

नाकारलेल्या मालाचे काय, हा प्रश्न पहिल्याच शनिवारी उभा राहील. घेतलेल्यापेक्षा नाकारलेले जास्त असेल आणि लोक ते घरी परत नेणार नाहीत. त्यासाठी जैववैद्यकीय कचऱ्याची पिवळी पिशवी, बारकोड आणि प्रक्रिया केंद्राचे पैसे अंदाजपत्रकात आधीच धरावेत. कर्करोगाच्या गोळ्या वेगळ्या ठेवाव्यात. त्या उत्पादकाकडे परत जातात किंवा १२०० अंशांवर जाळाव्या लागतात. केरळने २०२५ मध्ये कोळिकोडपासून उरलेल्या औषधांचे संकलन सुरू केले ते विल्हेवाटीसाठीच. आपले केंद्र दोन्ही कामे एका खिडकीवर करू शकेल, आणि निदान काही औषधे तरी पंचगंगेत जाण्यापासून वाचतील.

अडचण आहे ती तीन खात्यांची. सीपीआर वैद्यकीय शिक्षण विभागाकडे, औषध निरीक्षक अन्न व औषध प्रशासनाकडे, आणि कसबा बावड्याचे सेवा रुग्णालय व गडहिंग्लजचे उपजिल्हा रुग्णालय आपल्याकडे. तिघांची संयुक्त बैठक होईपर्यंत थांबू नये, अशी विनंती आहे. आपल्या अखत्यारीतल्या या दोन रुग्णालयांत एका वर्षासाठी प्रयोग सुरू करावा, त्यावर एफडीएच्या सहायक आयुक्तांची देखरेख असावी, आणि कार्यपद्धती पाळून सद्भावनेने काम करणाऱ्या फार्मासिस्ट व दात्याला शासन निर्णयात संरक्षण असावे. सीपीआरचे रुग्ण समाजसेवा विभागाच्या चिठ्ठीने बावड्याला येऊ शकतील. वर्षभराच्या नोंदी, किती आले, किती नाकारले, कोणत्या कारणाने, किती रुग्णांना गेले, हे सर्व जाहीर करावे. त्या नोंदी घेऊन मग राज्याने परिशिष्ट 'के' मध्ये धर्मादाय रुग्णालयांसाठी नवी नोंद करण्याची मागणी केंद्राच्या औषध तांत्रिक सल्लागार मंडळाकडे करावी.

खर्च फार नाही. एक कोरडी खोली, दोन कुलूपबंद मांडण्या, तापमान-आर्द्रता मापक, वातानुकूलन यंत्र, महिन्यातले दोन अर्धे दिवस दोन फार्मासिस्ट. यादी, नोंदवहीचे रकाने आणि दात्याच्या अर्जाचा मसुदा आम्ही तयार करून देऊ, आणि पहिले सहा महिने शनिवारी विनामोबदला खिडकीवर बसू. खोली मात्र वरच्या मजल्यावर द्या आणि मे संपण्याआधी तयार करा. जूनमध्ये तळमजल्याच्या भिंती ओल धरतात आणि मग मापकावर आर्द्रता ६० टक्क्यांखाली आणणे सप्टेंबरपर्यंत जमत नाही.

आपले विश्वासू,
कोल्हापूर शहर व जिल्ह्यातील औषध दुकानांत आणि रुग्णालयांच्या औषध भांडारांत काम करणारे नोंदणीकृत फार्मासिस्ट

प्रत माहितीसाठी: मा. मंत्री, अन्न व औषध प्रशासन, मा. मंत्री, वैद्यकीय शिक्षण