सरासरीच्या आकड्यात गेम मावत नाही

महोदय,

गेल्या पावसाळ्यात समुद्र खवळलेला, होड्या किनाऱ्यावर ओढून झापांनी झाकलेल्या आणि वीज सारखी ये-जा करणारी. अशा दिवसांत भाच्याबरोबर ‘डेथ स्ट्रँडिंग’ खेळलो. २०१९चा हा व्हिडिओ गेम. पाठीवर ओझं घेऊन डोंगर-नद्या तुडवत सामान पोचवायचं, बहुतेक वेळ एवढंच. भाचा अर्ध्या तासात कंटाळून उठला. मला मात्र निसरड्या दगडावर तोल सावरताना शेवाळलेल्या घाटीवरून जपून पाय टाकत शाळेत जायचो ते दिवस आठवले. रात्री दोनपर्यंत मी जागचा हललो नाही.

याच गेमला जपानच्या ‘फामित्सू’ या गेम मासिकाने ४०पैकी ४० गुण दिले आणि ‘आयजीएन’ या संकेतस्थळाच्या इंग्रजी परीक्षणाने १०पैकी ६.८. दोघेही प्रामाणिक असतील. पण ‘मेटाक्रिटिक’ ही वेबसाइट अशा गुणांची सरासरी काढते तेव्हा माझं वेड आणि भाच्याचा कंटाळा दोन्ही पुसले जातात. उरतो तो कुणाचाच नसलेला आकडा.

खेळाडूंचे गुण तरी कुठे खरे? २०२०मध्ये ‘द लास्ट ऑफ अस पार्ट टू’ हा गेम आला त्याच दिवशी तिथे खेळाडूंच्या शून्य गुणांचा पाऊस पडला. एवढा मोठा गेम तोवर किती जणांनी संपवला असेल? पुढे ‘मेटाक्रिटिक’ला पहिले ३६ तास खेळाडूंची मतं थांबवून ठेवावी लागली.

आपल्या पुरवणीत सिनेमांची परीक्षणं येतात, तशी गेमचीही यावीत. मात्र तारे नकोत. गेम कुणाला रुचेल, कुणाला नाही आणि का, एवढं लिहा.

– एक वाचक, मालवण