मंगळवारी ‘धडक’, गुरुवारी ‘गारद’

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गुरुवारच्या अंकात क्रीडा पानाच्या अगदी खालच्या कोपऱ्यात, बोअरवेलच्या जाहिरातीला टेकवून, आपण आपल्याच शहरातल्या एका टेनिस खेळणाऱ्या मुलाची चार ओळींची बातमी दिली आहे. मथळा, ‘पहिल्याच फेरीत गारद’. मंगळवारी याच मुलाच्या बातमीचा मथळा होता, ‘१५ हजार डॉलरच्या स्पर्धेत धडक’. दोन्ही कात्रणं आत्ता माझ्यासमोर आहेत. काल दिवसभर ठरवलं होतं की लिहायचं नाही, पण रात्री डोळ्याला डोळा लागला नाही, म्हणून लिहिते आहे.

त्या मुलाला मी ओळखत नाही. ‘धडक’ आणि ‘गारद’ यांना मात्र चांगली ओळखते. दोघेही माझ्या घरी राहून गेलेत.

२०१८ साली माझा मुलगा याच पातळीवर खेळायचा. तेव्हा या स्पर्धांना फ्युचर्स म्हणत, आता एम १५ म्हणतात. बारसं नवं झालं, रक्कम तीच राहिली. इजिप्तमधल्या शर्म-अल-शेखला तो तीन आठवड्यांसाठी गेला होता. तिथे एकामागून एक दर आठवड्याला स्पर्धा असायची, म्हणजे एका विमानभाड्यात तीन खेळून होत. दुसऱ्या आठवड्यात तो पात्रता फेरीतून मुख्य फेरीत गेला आणि आपल्या वृत्तपत्रात (हो, आपल्याच) बातमी आली. ‘धडक’ तेव्हाही होती. ‘१५ हजार डॉलर’ तेव्हाही होते, ठळक टायपात.

सकाळी साडेसातला धाकट्या दिरांचा फोन. “वहिनी, अभिनंदन! मी हिशेब केला, दहा लाखाच्या वर होते.” मी विचारलं, कशाचे? “काहून लपवून राहिल्या, पेपरात आलं नं!” त्या महिन्यात त्यांचं बेसा रोडला फ्लॅटचं चाललं होतं. संध्याकाळी अर्धा किलो पेढे घेऊन आले आणि चहा संपायच्या आत दोन लाख उसने मागितले.

मी त्यांना समजावलं की १५ हजार डॉलर ही अख्ख्या स्पर्धेची रक्कम असते. एकेरी, दुहेरी, सगळ्यांत वाटून. एकेरीच्या विजेत्याला २,१६० डॉलर, उपविजेत्याला १,२७२ आणि पहिल्या फेरीत हरणाऱ्याला १५६. भाऊजी हसले. बाईनं पैसे दडवायला किती बारीक हिशेब तयार ठेवलाय, असं ते हसणं होतं. मी ३४ वर्षं शाळेत गणित शिकवलं, त्यामुळे हिशेब तोंडपाठ असणं हेच माझ्या विरुद्ध गेलं. त्यांच्या वास्तुशांतीचं आमंत्रण आम्हाला व्हॉट्सॲपवर आलं, साहेब. सख्ख्या भावाला! माझे यजमान एरवी कुठे काही बोलत नाहीत, पण त्या दिवशी जेवले नाहीत.

दोन दिवसांनी ‘गारद’ आली. ती भाऊजींनी वाचली नसावी. तीसुद्धा अशीच पानाच्या तळाशी होती.

आता तो ‘पहिल्याच’ मधला ‘च’. मला फक्त एवढं विचारायचं आहे की मथळा देणाऱ्या आपल्या माणसाला त्या पहिल्या फेरीच्या आधी काय असतं हे ठाऊक आहे का? आधी पात्रता फेरी असते. माझ्या मुलानं तिथे तीन दिवसांत तीन सामने जिंकले. त्या तीन विजयांचे डॉलर शून्य आणि गुणही शून्य. तिथे रेषेवर पंच नसतात, चेंडू आत की बाहेर हे खेळाडूंनीच ओरडून सांगायचं, चेंडू स्वतःच वेचून आणायचे, आणि समोरचा लबाड निघाला तर त्याच्याशी भांडायचं, तेही दोघांपैकी कुणालाच धड येत नसलेल्या इंग्रजीत. त्यानंतर ती ‘पहिलीच’ फेरी. तिथे त्याच्यासमोर स्पर्धेतला दुसरा मानांकित आला. आपल्या बातमीत होतं, ‘सरळ सेटमध्ये गारद’. तो सरळपणा दोन तास दहा मिनिटं चालला आणि दुसरा सेट टायब्रेकमध्ये गेला. मी इथे मोबाइलवर आकडे बदलताना बघत होते. चित्र नाही, आवाज नाही, नुसते आकडे. १५-३०. ३०-३०. पोळी तव्यावर करपली.

माझ्याकडे त्या वर्षांची एक वही आहे. त्या तीन आठवड्यांचं पान उतरवून देते, छापायचं तर छापा. विमान जाऊन-येऊन ४१,०००. मुक्काम स्पर्धेनं ठरवून दिलेल्या हॉटेलात, रोजचे ५५ डॉलर, २१ दिवस, तेव्हाच्या ६८ च्या भावानं ७८,५४०. व्हिसा, मुंबईपर्यंत जाण्यायेण्याचं सेवाग्रामचं तिकीट, गटिंग (रॅकेटच्या तारा बदलणं) आणि पाणी मिळून ९,४६०. एकूण १ लाख २९ हजार. जमा : १५६ डॉलर, म्हणजे १०,६०८ रुपये. पहिल्या आणि तिसऱ्या आठवड्यात पात्रता फेरीतच हरला, म्हणून जमेत दुसरी ओळ नाही.

गटिंगचे पैसे पूर्ण लिहिलेले नाहीत, कारण तिसऱ्या आठवड्यात त्यानं रॅकेटच्या तारा बदलल्याच नव्हत्या. मला हे वर्षभरानं कळलं. बूट मात्र मी पाहिलेले आहेत. सर्व्हिस करताना तो उजव्या पायाचा अंगठा घासत पुढे यायचा, त्यामुळे दर दीड महिन्यात उजवा बूट पुढून फाटायचा आणि डावा अगदी नवा कोरा राहायचा. गोकुळपेठ मार्केटजवळ बसणाऱ्या एका चांभारदादांनी त्या उजव्या बुटाच्या टोकाला स्कूटरच्या टायरचा तुकडा शिवून दिला होता. “मॅडम, बूट जाईल पण हे नाही जाणार,” म्हणाले. तसंच झालं. तो तुकडा नंतर दुसऱ्या बुटाला लावला.

त्या काळात त्याच्या नावावर एटीपीचे, म्हणजे पुरुष टेनिसची जागतिक क्रमवारी लावणाऱ्या संघटनेचे, तीन गुण होते. तेव्हा मुख्य फेरीत एक सामना जिंकला की एक गुण मिळायचा, म्हणजे तीन स्पर्धांत मिळून तीन विजय. वर्ष गेलं त्यात. जागतिक क्रमवारीत दीड हजाराच्या आसपास नाव होतं, मी त्या पानाची छापील प्रत काढून देव्हाऱ्याशेजारी लावली होती. २०१९ च्या जानेवारीत नियम बदलले. १५ हजारांच्या स्पर्धांचे गुण एटीपीच्या यादीतून काढून वेगळ्याच यादीत टाकले आणि आमचं नाव क्रमवारीतून गेलं. न हरता! ऑगस्टमध्ये नियम करणाऱ्यांना चूक उमगली आणि गुण परत देऊ लागले. तोवर हा २४ वर्षांचा झाला होता आणि सात महिन्यांत बापाच्या भविष्य निर्वाह निधीतून आणखी एक उचल झाली होती. या उलटापालटीवर आपण काय छापलं, हे मी तेव्हा रोज शोधत होते. सापडलं नाही.

आणखी एक सांगते, कारण हे कुणी सांगत नाही. त्या शर्म-अल-शेखच्या सामन्याच्या आदल्या रात्री त्याला एका अनोळखी खात्यावरून निरोप आला होता, पहिला सेट सोडलास तर दोन हजार डॉलर. हरण्याचे दोन हजार, आणि मुळात हरल्यावर मिळणार होते १५६. त्यानं ते खातं बंद केलं आणि तक्रार नोंदवली, हे मला पुष्कळ दिवसांनी, भाजी निवडताना सहज सांगितलं. त्याच वर्षी, २०१८ ला, टेनिसमधल्या सचोटीवर एका स्वतंत्र समितीचा अहवाल आला होता. व्यावसायिक म्हणवणारे सुमारे १५ हजार खेळाडू, आणि प्रशिक्षकाचा खर्च न धरताही जमाखर्चाची तोंडमिळवणी होते ती पहिल्या २५० ते ३५० जणांची. उरलेल्यांच्या फोनवर असे निरोप येतात यात नवल काय.

२०२३ मध्ये सुमित नागलनं सांगितलं की बँकेत जेमतेम ९०० युरो उरलेत, तेव्हा सगळ्यांनी हळहळ केली. तो तेव्हा देशातला एकेरीतला पहिल्या क्रमांकाचा टेनिस खेळाडू. चार महिन्यांनी मेलबर्नला ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये त्यानं मानांकित बुब्लिकला हरवलं आणि हळहळीचा जल्लोष झाला. छानच झालं. पण देशातल्या पहिल्याची ही गत, तर पंधराशेव्याची काय असेल, हे विचारायला आपला एकही वार्ताहर कधी घरी आला नाही. आणि हो, विम्बल्डनच्याही पहिल्या फेरीत माणसं ‘गारद’ होतात. गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ ला, त्या गारद होण्याचे ६६ हजार पौंड मिळत होते, आपल्या पैशात पाऊण कोटीच्या वर. शब्द एकच वापरता, म्हणून आठवण करून दिली. एटीपीनं २०२४ पासून पहिल्या अडीचशे जणांना किमान उत्पन्नाची हमी दिली आहे. अडीचशेच्या खाली उभे असलेल्यांना आपली ‘धडक’ पुरते, असा समज दिसतो.

माझं मागणं फार नाही. ‘१५ हजार डॉलरची स्पर्धा’ असं छापलंत की त्याच ओळीत त्या पोराच्या हातात किती पडले तेही छापा. चार शब्द लागतील. बोअरवेलवाल्यांना चार शब्दांची जागा कमी द्या.

आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुखनं बाटुमीत बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकला तेव्हा आपण दिवसच्या दिवस पानं भरली, मीही शेजारी पेढे वाटले, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती मागच्या रविवारच्या पुरवणीबद्दल. पिकलबॉल या नव्या खुळावर रंगीत अर्धं पान! त्या छायाचित्रात माळ घातलेले पाहुणे जिथे फीत कापताहेत, ते टेनिसचंच कोर्ट आहे. माझा मुलगा तिथे नवव्या वर्षापासून मे महिन्यात पहाटे पाचला जायचा, कारण नऊनंतर सिमेंटवर पाय ठरत नसे. आता त्यावर पिवळ्या रेघा मारून एकाची चार कोर्टं केलीत आणि नेट खाली बांधलंय. परवा मी संध्याकाळी तिथून गेले तर टेनिसची पांढरी बेसलाइन शोधावी लागली. तासाचे चारपट पैसे येतात म्हणे. गणित बरोबर आहे, मी नाही म्हणत नाही. पण आपण मथळा दिलात ‘शहरात क्रीडासुविधांची भर’. भर कुठे पडली, साहेब? होतं तेच रंगवलं.

मुलगा आता सकाळी लहान पोरांना शिकवतो, दुपारी एका दुकानात रॅकेटचं गटिंग करतो. गुरुवारची बातमी त्यानंच मला दाखवली, म्हणाला, “आई, हा मुलगा फोरहँड चांगला मारतो.” बाकी काही बोलला नाही.

कळावे,
एक वाचक, प्रतापनगर, नागपूर

ता. क. : पत्र छापल्यास माझं नाव देऊ नये. मुलगा चिडेल, हे एक. दुसरं म्हणजे धाकटे दीर आपलं वृत्तपत्र अजून घेतात.