झाडीपट्टीच्या नाटकाचं परीक्षण कधी छापणार?

संपादक साहेब, नमस्कार.

मागच्या रविवारी तुमच्या पुरवणीत पुण्याच्या एका संगीत नाटकावर अर्धं पान वाचलं. चांगलं लिहिलं होतं, ऑर्गन कोणी वाजवला त्याचंसुद्धा नाव होतं. मंग पान उलटलं तं तिथं आमच्या झाडीपट्टीतल्या, म्हणजे पूर्व विदर्भाच्या धानपट्ट्यातल्या, नाटकांच्या जाहिराती, काडेपेटीएवढ्या चौकोनात आठ-आठ कलाकारांचे चेहरे कोंबलेले. वीस वर्षं झाली तुमचा पेपर घेऊन राहिलो, आमचं नाटक तुमच्याकडं एक तं जाहिरातीत दिसते, नाही तं नाटकाहून परतताना गाडी उलटली अशा बातमीत. कोण चांगलं गायलं, कोणाचं काम पडलं, दुसरा अंक काऊन लांबला, हे आजवर एकदाही वाचायला भेटलं नाही. तक्रार येवढीच आहे.

संगीत नाटक म्हटलं की लिहिणारे 1880 च्या किर्लोस्करांच्या शाकुंतलापासून सुरू करतात अन् बालगंधर्वांपाशी येऊन थांबतात. ठीक आहे, ते आमचंही आहेच, आमच्या बुढ्याला त्यातली पदं पाठ होती अन् धान चुरताना म्हणायचा. पण त्या कंपन्या केव्हाच बंद पडल्या. इकडं गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या चार जिल्ह्यांत कंपन्या अजून फिरून राहिल्या, दिवाळीची भाऊबीज झाली की सुरू अन् होळीपर्यंत रोज रात्री कुठं ना कुठं पडदा वर जातेच, लोक तिकीट काढून येतात, थंडीत कुडकुडत पहाटेपर्यंत बसतात. आमच्या नाटकाचं मूळ दंडार अन् खडी गंमत या इकडच्या नाचगाण्याच्या लोकनाट्यांत, म्हणून गाणं त्यात पहिल्यापासूनच आहे, वरून आणून चिकटवलेलं नाही.

सगळा कारभार वडशाचा. कागदोपत्री देसाईगंज, पण आम्ही वडसाच म्हणतो. गोंदिया-चंद्रपूर लाइनवरचं स्टेशन असल्यानं नागपूरकडचा नट असो की तबलजी, उतरायला सोयीचं. तिथं नाट्यकंपनीला 'प्रेस' म्हणतात, बाहेरच्याला वाटते हे सगळे पेपरवालेच आहेत की काय! झालं असं की पहिले गावातली पोरंच नाटक करायची, पावसाळ्यापासून तालमी, पडदे अन् ड्रेपरी भाड्यानं, बाईचं काम मिशा काढून गड्यानंच करायचं, अन् मंडळाचा माणूस पोस्टर छापायला छापखान्यात जायचा तं तिथंच विचारायचा, भाऊ, एखादी नटी पाहून द्या, एखादा ऑर्गनवाला सांगा. छापखानेवाले कलाकार जुळवून देता देता स्वतःच अख्खं नाटक द्यायला लागले, अन् नाव प्रेसच राहिलं.

आता गावाला यातून काय भेटते ते सांगतो, कारण शहरातले लोक म्हणतात हे रात्रभराचं थिल्लर काम आहे. आमच्याकडं दिवसा शंकरपट, म्हणजे बैलांची शर्यत, राहते नाही तं मंडई, म्हणजे गावची जत्रा, अन् रात्री नाटक. पट पाहायला आलेला पाव्हणा रात्री कुठं जाईल, म्हणून नाटक. धान घरात आलेलं राहते, हातात चार पैसे राहतात, लेकी जावयाला घेऊन माहेरी येतात, पोरीपोरांच्या सोयरिकी त्याच दोन दिवसांत जुळतात. माझीही जुळली, सासरा नाटक पाहायला आला होता. 2014 मध्ये कोर्टानं पट बंद केले, ते 2021 च्या डिसेंबरात परत सुरू झाले, मधातली येवढी वर्षं आमच्या गावात पाव्हणा आणला तो नाटकानंच. मंडळाजवळ पैसे उरले तं गावाच्याच कामी लागतात, समाजमंदिरावरचे टिनं त्याच पैशातून टाकले. अन् एका वर्षी बाजूच्या गावात त्याच रात्री नाटक लागलं तं आम्ही साफ बुडालो, आठ जणांनी खिशातून भरले, माझ्या बायकोनं महिनाभर ऐकवलं.

आमच्या नाटकात खरा हिरो प्रॉम्प्टर आहे. कलाकार आज या गावात, उद्या त्या गावात, दिवसा गाडीत झोपतात, सगळ्यांनी मिळून तालीम करायला वेळ कुठून आणतील? म्हणून प्रॉम्प्टर विंगेत वही घेऊन बसते अन् एकेक वाक्य पुरवते, पुढच्या गादीवाल्यांना तेही ऐकू येते, कोणाला त्याचं काही वाटत नाही. मागच्या साली ऐन मरणाच्या सीनमध्ये लाइट गेली. जनरेटरवाला बिडी प्यायला गेलेला. काळ्याकुट्ट अंधारात सीनमध्ये गाणाऱ्या बाईनं पद सुरूच ठेवलं, ऑर्गनवाल्यानं सूर सोडला नाही, अन् प्रॉम्प्टरला वही दिसेना तं पाठ होतं तेवढं सांगत राहिला. पब्लिकमध्ये मुर्रा, म्हणजे मुरमुरे, खायचा आवाजसुद्धा बंद झाला. लाइट आली तेव्हा मेलेला माणूस उठून बसला होता, तं लोक हसले पण, रडले पण. बाप्पा, असं अर्ध्या पानात कोणी लिहिलं पाहिजे का नाही?

अन् मी फक्त कौतुकच मागून राहिलो असं नाही. झोडपासुद्धा. आजकाल दर प्रवेशानंतर रेकॉर्ड डान्स घुसवतात, कथा कुठं होती तेच आठवत नाही. सिरियलमधला पाव्हणा कलाकार दहा मिनिटं येऊन जाते अन् पोस्टरवर त्याचाच फोटो सगळ्यात मोठा, रात्रभर गाणारा खाली कोपऱ्यात. काही ठिकाणी ऑर्गन गेला, कीबोर्ड आला. हे चहाच्या टपरीवर सगळेच बोलतात, पण छापून येत नाही तोवर प्रेसवाल्याला काही फरक पडत नाही. अन् छापून आलं नाही तं मागं राहते काय? नाटकाची वही फाटते, पोस्टर पावसात जाते. कुरखेडा तालुक्यातल्या गुरनोलीच्या डॉ. परशुराम खुणेंना 2023 मध्ये पद्मश्री भेटली. पाच हजारांवर प्रयोग केलेला माणूस. तेव्हा सगळ्या पेपरांनी फोटो छापला, अन् त्या हजारो प्रयोगांतल्या एकाचं परीक्षण शोधायला बसाल तं डोळे फुटतील.

तं साहेब, एक माणूस पाठवा. झोपाळू नको. आमच्या गावचं नाटक संक्रांतीनंतरच्या शनिवारी आहे, पोस्टरवर दहा लिहिलं राहते पण अकराच्या आत काही सुरू होत नाही, सुटायला पहाटेचे चार वाजतात, म्हणून ब्लँकेट सोबत द्या. जेवण आमच्या घरी. खुर्ची पुढच्या रांगेत राखून ठेवतो, तिकीट मात्र त्यानं काढावं, फुकट पास आम्ही सरपंचालाही देत नाही.

आपला,
नाट्यमंडळाचा एक जुना मेंबर,
मु. वडशाजवळ, जि. गडचिरोली