पॅरिसच्या महापौरांना: बिएव्रला वर येऊ द्या

मा. महापौर,
स. न. वि. वि.

मी पॅरिसच्या दक्षिणेला आंतोनीत राहतो. आमच्या गावात बिएव्र नदी जमिनीखाली जाते आणि तुमच्या शहरात वर येत नाही. पत्राचं कारण एवढंच.

गियांकूरला उगम, लांबी जेमतेम 35 किलोमीटर. आमच्याकडे महाराष्ट्रात हिला ओढा म्हणून मोकळे झाले असते. पण 1760 मध्ये ओबेरकाम्फने झुई-आं-झोझाला याच ओढ्याकाठी कापड छापायला घेतलं. हिंदुस्थानी छिटांवरची फ्रान्समधली 1686 पासूनची बंदी नुकतीच उठली होती, तशी छिटं इथेच बनवायची तर कापड धुवायला वाहतं पाणी हवं होतं. त्यामुळे या नदीत आमचाही थोडा वाटा आहे, असं मी धरून चालतो.

पॅरिसात रंगारी आणि कातडी कमावणारे तिच्या काठावर बसले. पाणी नासलं, वास सुटला. मग नदीच झाकत गेले आणि 1912 पर्यंत शहरातली बिएव्र पुरती दिसेनाशी झाली. घाण करणारे वेगळे, शिक्षा नदीला! सेन नदीला ती ऑस्टरलिट्झ स्टेशनजवळ मिळायची, आता तिचं पाणी गटारांच्या जाळ्यात जातं.

गोबलँच्या विणकामाच्या कारखान्यामागच्या बेर्बिये-द्यू-मे रस्त्यावर मी अधूनमधून जातो. तो रस्ता विनाकारण वळतो, कारण तो रस्ता नाहीच, नदीचं पात्र आहे. जुना प्रवाह दाखवणारे धातूचे गोल बिल्ले शहरात फरशीत बसवलेत. लोक त्यांवरून चालत जातात, खाली बघत नाहीत. मीही पहिल्या खेपेला तसाच गेलो होतो.

फ्रेन गावात 2003 मध्ये नदीचा एक तुकडा उघडला गेला, लाय-ले-रोझला 2016 मध्ये. पुढे आर्कय आणि जांतिईतही पाणी उजेडात आलं. म्हणजे ती तुमच्या वेशीपर्यंत पोचली आहे. खर्च मोठा आहे आणि वरच्या गावांतलं सांडपाणी चुकीच्या जोडण्यांतून नदीत येतं, तोवर उघडून फक्त वास मिळेल, हेही मला मान्य आहे. म्हणून आधी वरच्या गावांबरोबर बसून त्या जोडण्या तोडून घ्या. मग केलरमन बागेपासून सुरुवात करा, कारण नदी शहरात शिरायची ती तिथूनच.

बिल्ले पुरेसे झाले. आता कामाची तारीख कळवावी.

आपला,
आंतोनीतला एक मराठी रहिवासी